दुसऱ्याच्या वाट्याचे प्रारब्ध

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची थट्टा करणारी म्हण आपल्या भाषेत आहे. पण तहान लागण्यापूर्वी खणणाऱ्याचे कौतुक करणारी म्हण मला तरी आठवत नाही. आमच्या वऱ्हाडात तर अशा माणसाकडे लोक थोडे हसूनच पाहतात. माघात कोणी आपल्या वावराचा धुरा साफ करू लागला, की वाटेने जाणारा हमखास विचारतो, "काय बाप्पा, वणव्याले आवतन देलं काय?" दोघेही हसतात. पण त्या हसण्यामागचा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. होणारे चुकत नाही, संकटाची तयारी करणे म्हणजे त्याला हाक मारणे, निदान देवावरचा भरवसा उडाल्याची कबुली देणे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. ही माणसे आळशी नसतात आणि मूर्ख तर नसतातच. नापिकी, गारपीट आणि पूर सोसून सोसून त्यांनी हे धैर्य मिळवलेले असते. त्यांना उत्तर द्यावयाचे तर ते विचार करून द्यावे लागेल.

आधी संकट कसे येते ते पाहू. दिवाळीच्या सुमारास कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या वावरात उभ्या असतात. एखाद्या फटाक्याची ठिणगी, एखादे बिडीचे थोटूक, क्वचित एखाद्याच्या मनातला जुना दावा, आणि वर्षाची कमाई घटकेत राख होते. पुढे फाल्गुन-चैत्रात मेळघाटातल्या सागाची पाने गळून रानभर वाळलेला थर साचतो. अकोट, तेल्हारा, अचलपूर या बाजूची सातपुड्याच्या पायथ्याची कित्येक वावरे जंगलाला लागूनच आहेत. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते आणि त्यापूर्वी जाळरेषा काढते; म्हणजे गवताचा एक पट्टा आपणच कापून, पहाऱ्यात जाळून टाकते. वणव्याला मग पुढे जाण्यास खाद्य उरत नाही. शेतकऱ्याला त्यासाठी जाळण्याचीही गरज नाही. धुऱ्यालगतची आठ-दहा हात जमीन वखरून काळी करून ठेवली, की तेच काम होते. कुटाराची गंजी गोठ्याला खेटून रचू नये. आमच्याकडे उन्हाळी वारा बहुधा पश्चिमेचा, तेव्हा गोठ्याच्या पश्चिमेस तर नकोच. पाण्याचे पिंप भरलेले असावे. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी पिववत नाही, हे खरे. पण आगीला चव कळत नाही.

एवढे सारे सांगून झाले तरी आमचा दैववादी मित्र म्हणेल, "जळायचे असेल तर जळेलच." ठीक आहे. गंजी त्याची, नशीब त्याचे. पण गोठ्यातल्या बैलाचे काय? आग दिसली की रानातले हरिण पळते. बैलाला पळता येत नाही, कारण त्याच्या गळ्यात आपण साखळी घातलेली आहे. धुराने कोंडलेल्या गोठ्यात तापलेली साखळी सोडवणे कसे असते, हे ज्याने पाहिले आहे तो त्याबद्दल फारसे बोलत नाही. दोराचे दावे आणि एका हिसक्यात सुटणारी गाठ, एवढीच काय ती तयारी. शिवाय दाराशी टांगलेला एक विळा. ज्याला आपण बांधले, त्याच्या पळण्याची सोय त्याचे दैव कशी करील?

मला वाटते, सारा प्रश्न इथेच आहे. स्वतःच्या वाट्याचे प्रारब्ध माणसाने खुशाल सोसावे, त्यात थोरवीही असेल. पण दुसऱ्याच्या वाट्याचे प्रारब्ध परस्पर मान्य करून टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आणि बांधलेले केवळ बैलच नसतात. आभाळ भरून येते, विजा कडाडू लागतात, तरी निंदणाऱ्या बाया वावरातून हलत नाहीत. फार तर एकट्या उभ्या कडुलिंबाखाली जातात, जिथे मुळीच जाऊ नये. का? तर अर्धी मजुरी कापली जाईल म्हणून. हेही एक दावेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' मोबाइलवर विजेची सूचना देते. उत्तम सोय आहे. पण ती सूचना मालकाच्या खिशात वाजून काय उपयोग, जर "वीज दिसली की घरी जा, मजुरी पुरी मिळेल" हे वाक्य त्याने सकाळीच उच्चारले नसेल? जागलीसाठी रात्री मळ्यावर झोपणाऱ्या सालदाराचीही हीच गोष्ट.

पुरापुढे ही वखरे आणि या गाठी काय करणार, असे कोणी विचारील. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदी मोवाडात शिरली. अमरावती जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे हे गाव. दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथे प्रारब्ध हा शब्द कोणी उच्चारला तर मी वाद घालणार नाही, मान खाली घालीन. हाताबाहेरच्या गोष्टीला दैव म्हणावे. हातातल्या गाठीला दैव म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

मोहफुले वेचणाऱ्यांविषयीही इथेच लिहिले पाहिजे. झाडाखालचा पाचोळा पेटवला की फुले वेचणे सोपे जाते, आणि मग ती आग कधी कधी डोंगर चढते. शहरातली माणसे यावर फार चटकन संतापतात. चिखलदऱ्याला हवा खाऊन परतताना तर विशेषच. त्या फुलांवर ज्याच्या घरातले काही दिवस निघतात, त्याच्या लेखी ती आग केरसुणीच असते. पाचोळा झाडून काढावा, झाडाखाली जाळी बांधावी, हे उपाय चांगले आहेत. पण जाळी त्याला कोणी तरी आणून दिली पाहिजे.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९ वे कलम मला मोठे विचार करावयास लावणारे वाटते. ज्यांना जंगलात काही हक्क किंवा मुभा आहे, त्यांनी तिथे लागलेली आग, कोणी अधिकाऱ्याने सांगितले असो वा नसो, विझवण्यास धावले पाहिजे, असे ते सांगते. हक्क घेतलास तर बादलीही घे! जंगलाच्या बाबतीत हे कायद्याने लिहून ठेवले. दोन वावरांमधल्या धुऱ्याच्या बाबतीत ते माणसावर सोडले आहे. धुऱ्यावरचे गवत दोघांचे, म्हणून कापावयाच्या वेळी कोणाचेच नाही. आणि धुऱ्यावरून तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात.

अकोट तालुक्यातले असे दोघे वादी-प्रतिवादी मला ठाऊक आहेत. हातभर जमिनीसाठी ते वर्षानुवर्षे तारखा करीत आहेत. एकाच एसटीने जातात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात. पण संक्रांत झाली की एक जण आपल्या बाजूने वखर धरतो. दुसऱ्या दिवशी दुसरा आपल्या बाजूने. मधले गवत ज्याच्या हाती विळा असेल तो कापतो. बोलणे अजून नाही.