वाढीव गुण आणि वळवलेले गुण

प्रो कबड्डीचा लिलाव आटोपला, की आपल्याकडील क्रीडाचर्चेत काही दिवस एकाच प्रश्नाचा घोष चालतो. अमुक तरुण चढाईपटूवर तमुक संघाने ओतलेली रक्कम वसूल होणार की नाही, हा तो प्रश्न. आणि हंगाम संपताच त्याचे उत्तर त्या खेळाडूच्या नावापुढील गुणांची बेरीज पाहून इतक्या सहजतेने देण्यात येते, की उत्तर देणाराने एकही सामना पाहिला नसला तरी त्याचे काही अडू नये. गुण दोनशेच्या वर गेले, तर सौदा किफायतशीर. शंभरात अडकले, तर संघमालक फसले. या हिशेबाला अलीकडे ‘एका गुणाचा दर’ काढण्याची जोड मिळाल्यामुळे त्यावर शास्त्रीयतेची झिलई चढली आहे. माझ्या मते हा हिशेब मुळातच चुकीच्या खात्यावर मांडला जातो, आणि त्याची चूक नजरेस आणून देणे हे कबड्डीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

प्रश्न क्षुल्लक नाही. २०१४ साली या स्पर्धेच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेशकुमारवर, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. नऊ वर्षांत वीसपट वाढ. त्या वर्षी एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून खर्च करावयाची मर्यादा ५ कोटींची होती, म्हणजे निम्म्याहून अधिक तिजोरी एका माणसासाठी रिती झाली. कबड्डीच्या इतिहासाची उजळणी येथे करीत नाही.

एका जुन्या व्यवस्थेचे स्मरण मात्र अवश्य करून द्यावेसे वाटते, कारण मी मुंबईतील ज्या माहुल गावाच्या परिसरात राहतो तेथे तिच्या खुणा अद्यापि बुजलेल्या नाहीत. खाडीकाठचा कोळीवाडा, त्याच्या पाठीशी १९५५ च्या सुमारास उभे राहिलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि अलीकडे वसलेल्या विस्थापितांच्या उंच इमारती, अशा या वस्तीत कबड्डी खेळणाऱ्या मुलाची सर्वांत मोठी आकांक्षा एके काळी कंपनीतली नोकरी ही असे. भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे, बँका यांचे संघ मुंबईच्या व्यावसायिक गटात नावारूपाला आले ते याच मार्गाने. खेळाडूला मिळे ती कायम नेमणूक, दरमहा पगार आणि निवृत्तीनंतरची तजवीज. त्याची किंमत दर दोन-तीन वर्षांनी चव्हाट्यावर ठरत नसे; गुडघा दुखावला म्हणून त्याची चूल विझत नसे. त्या व्यवस्थेत वशिला होता, अन्यायही होता. परंतु एका खेळाडूला घेण्यासाठी दुसऱ्या पाच जणांचा घास काढावा लागत नव्हता. आजच्या लिलावात मात्र तिजोरी बंदिस्त आहे. एकावरील खर्च हा इतरांवर न झालेला खर्च आहे, आणि हे न झालेले खर्च कोणत्याही तक्त्यात छापले जात नाहीत.

आता उदाहरण घेऊ ते सिद्धार्थ देसाईचे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडचा हा उमदा, धिप्पाड तरुण २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवून साऱ्या देशाचे लक्ष वेधले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये दिले. त्या वर्षीची मर्यादा ४ कोटी ४० लाखांची, म्हणजे तिजोरीचा तिसरा हिस्सा. सिद्धार्थने त्याही हंगामात दोनशेचा टप्पा ओलांडला. प्रचलित हिशेबाप्रमाणे त्याने दिलेली रक्कम फेडली. टायटन्स बारा संघांत अकरावे आले. ज्या यू मुंबाने त्याला जाऊ दिले, तो संघ सिद्धार्थ असताना बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरला होता. सिद्धार्थ नसताना तोच संघ अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल अशा स्वस्तातल्या चढाईपटूंच्या आणि फझल अत्राचलीच्या भक्कम बचावाच्या बळावर उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि बंगालकडून अवघ्या दोन गुणांनी हरला.

गुणांचा तक्ता समोर धरणारे यावर म्हणतील, की सिद्धार्थने आपले काम चोख केले, बाकीचे निकामी निघाले, यात त्याचा काय अपराध? अपराध त्याचा मुळीच नव्हे. परंतु ‘बाकीचे निकामी निघाले’ हे विधान जितके निरागस दिसते तितके ते नाही. बाकीचे निकामी निघाले, कारण त्यांना घेण्यासाठी उरलेली रक्कम तुटपुंजी होती. आणि याहूनही खोल असा दुसरा मुद्दा कबड्डीच्या रचनेतच दडलेला आहे, ज्याकडे तक्तेवाल्यांचे अजिबात लक्ष नाही.

कबड्डीत चढाया आळीपाळीने होतात. चाळीस मिनिटांचा सामना, तीस सेकंदांची चढाई. दोन्ही बाजूंच्या मिळून ऐंशीच्या आसपास चढाया, म्हणजे एका संघाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास. संघाने कितीही द्रव्य ओतले तरी हा वाटा वाढत नाही. महागडा चढाईपटू जेव्हा एका सामन्यात अठरा-वीस वेळा मध्यरेषा ओलांडतो, तेव्हा त्या अठरा-वीस चढाया तो स्वतःबरोबर आणीत नाही. त्या कोणीतरी दुसऱ्याने केल्या असत्या, आणि त्यांतून त्यालाही काही गुण मिळालेच असते. विहिरीवर नवा पाट काढल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही, ते फक्त दुसऱ्या वाफ्याकडे वळते. म्हणून चढाईपटूच्या नावावरील गुणांचे दोन भाग पाडले पाहिजेत: जे त्याच्या जागी येणाऱ्या साध्या खेळाडूलाही मिळाले असते ते वळवलेले गुण, आणि जे केवळ त्याच्यामुळेच संघाच्या पदरात पडले ते वाढीव गुण. दर काढायचाच असेल, तर तो वाढीव गुणांचा काढा. सिद्धार्थच्या दोनशेहून अधिक गुणांपैकी वाढीव किती, हे सांगितल्याशिवाय ‘वसूल’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा भेद मी कल्पनेने रचला, असा आक्षेप येऊ शकेल, म्हणून २०२२ चा हंगाम पाहावा. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने तो संपूर्ण हंगामाला मुकला. तक्तेवाल्यांच्या न्यायाने या संघाची वाताहत व्हावयास हवी होती. घडले ते असे, की नरेंदर नावाच्या नवख्या तरुणाकडे त्या चढाया गेल्या, त्याने पदार्पणातच दोनशे चाळीसहून अधिक गुण मिळवले, आणि थलायवाज आपल्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत गेले. पवन निरोगी राहता, तर यांतील बहुसंख्य गुण पवनच्या नावावर चढले असते, आणि सौदा सार्थकी लागला असे म्हणून सर्वांनी माना डोलावल्या असत्या. पुढच्या वर्षी टायटन्सकडून पवनने दोनशेच्या घरात गुण मिळवले आणि टायटन्स तळाशी राहिले, ही गोष्ट या संदर्भात जोडून वाचावी.

यावर एक विचार करण्याजोगा आक्षेप आहे, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. नामांकित चढाईपटू समोर आला, की बचावफळीचे सारे लक्ष त्याच्यावर खिळते, आणि त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूचे काम हलके होते. हा लाभ त्याच्या नावावर कोठेही लिहिला जात नाही. हे खरे आहे. तसेच सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यावर जी ‘करो वा मरो’ची चढाई करावी लागते, तीत साधा खेळाडू बहुधा बाद होतो आणि थोर खेळाडू निसटतो, तेथे त्याचे गुण बव्हंशी वाढीवच मानले पाहिजेत. परंतु या दोन्ही गोष्टी मान्य केल्याने माझा पक्ष दुबळा होत नाही. लक्ष वेधून घेण्याचा लाभ खरोखर होत असेल, तर तो सहकाऱ्यांच्या कामगिरीत उमटला पाहिजे. आणि टायटन्सच्या सहकाऱ्यांत तो उमटल्याचे दोन्ही वेळा कोणास दिसले नाही. करो वा मरोच्या चढाया वेगळ्या मोजा, असे तर मीच म्हणतो आहे. तक्ता त्या वेगळ्या मोजीत नाही, सर्व गुण एकाच पिशवीत भरतो, हीच तर माझी फिर्याद आहे.

शेवटी सारे नशीब, असे म्हणणारांशी वाद घालण्यात हशील नाही. नामांकित खेळाडूमुळे तिकिटे खपतात, हा व्यापाराचा हिशेब आहे; तो व्यापाऱ्यांनी पाहावा. जाणत्या प्रशिक्षकाची नजर चुकत नाही, असे म्हणणारांनी चुकलेल्या नजरांची यादी करून पाहावी.

एका खेळाडूसाठी मोजलेली किंमत वसूल झाली का, हाच प्रश्न अमेरिकेत तेथील फुटबॉलच्या संदर्भात अधिक काटेकोरपणे विचारला गेला आहे. तेथे नवोदितांचा लिलाव होत नाही. गत हंगामात मागे पडलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो, आणि ज्याला आपली पाळी आधी यावी असे वाटते त्याने आपले पुढचे हक्क दुसऱ्यास लिहून द्यावयाचे. २०२३ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने बाराव्या स्थानावरून तिसऱ्यावर येण्यासाठी अॅरिझोनाला आपली बारावी आणि तेहतिसावी निवड, शिवाय पुढील वर्षाच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे हक्क दिले, व बदल्यात तिसऱ्या निवडीबरोबर एकशे पाचवी निवडही घेतली. हे सारे विल अँडरसन या, प्रतिपक्षाच्या चेंडूफेक्यावर तुटून पडणाऱ्या तरुणासाठी. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. परंतु ज्या पहिल्या फेरीच्या हक्कावर पाणी सोडले, तो प्रत्यक्षात सत्ताविसावा निघाला, कारण ह्यूस्टनने त्याच वर्षी घेतलेल्या सी. जे. स्ट्राउड या दुसऱ्या तरुणाच्या खेळामुळे संघ वर गेला. म्हणजे अँडरसनची किंमत स्ट्राउडने कमी करून दिली. २०२५ मध्ये अटलांटानेही जेम्स पिअर्ससाठी आपला पुढील वर्षाचा पहिला हक्क देऊन टाकला. अशा सौद्यात दिलेल्या वस्तूचे मूल्य सौद्याच्या दिवशी ठरलेलेच नसते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याला उत्तीर्ण-अनुत्तीर्णचे गुण देऊन मोकळी होतात.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी या निवडींचा जो अभ्यास केला, त्यातील एक निष्कर्ष माझ्या भेदाला बळकटी देणारा आहे. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू हा त्याच जागेसाठी त्याच्या पाठोपाठ निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता शेकडा ५२ इतकीच भरली. पुढे सरकण्यासाठी जे हक्क उधळले जातात, ते पन्नासाच्या वर भरलेल्या या शेकडा दोनांपायी. पुढे निवडलेल्याचा पराक्रम दिसतो. मागच्याला घेतले असते तर तोच पराक्रम बव्हंशी मिळाला असता, हे दिसत नाही.

तथापि अमेरिकेतील तो आक्रमक बचावपटू आणि आपला चढाईपटू यांना एका मापाने मोजणे योग्य होणार नाही. त्याचे धावून जाणे पाहून आपल्याला चढाई आठवते, पण त्याचे काम समोरच्याला जमिनीवर आणण्याचे, म्हणजे आपल्या कोपरारक्षकाचे आहे. कोपरारक्षकाची पकड ही वाटणीतली वस्तू नव्हे. प्रतिपक्षाची चढाई होणारच असते. ती साधारण बचावात बहुतेक वेळा गुण घेऊन अथवा निदान सुखरूप परत जाते, आणि उत्तम कोपऱ्यामुळे तीच फसते. शिवाय पकडीने एक गुण मिळतो, आपला एक गडी जिवंत होतो आणि प्रतिपक्षाचा सर्वांत धोकादायक माणूस बाहेर बसतो. पुढील कित्येक चढाया त्याचा संघ दुय्यम खेळाडूंवर ढकलतो, आणि याची नोंद तक्त्यात शून्य होते. पकडीचे श्रेय साखळी करून धावून आलेल्या सहकाऱ्यांकडूनही काही अंशी वळवलेले असते, हे मी नाकारीत नाही. पण त्यातील वाढीव भाग चढाईच्या मानाने पुष्कळ मोठा आहे, अशी माझी खात्री आहे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई या कोपरारक्षकाला पुणेरी पलटणने २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना घेतले, आणि पलटण विजेती झाली. पुढच्या वर्षी हरयाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना नेले, आणि हरयाणा विजेते झाले. त्याच पलटणीत चढाईचा भार नगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारसारख्या, संघाने स्वतः घडवलेल्या तरुणांनी वाहिला, ही बाब विशेष ध्यानात घ्यावी. दोन उदाहरणांवरून सिद्धांत बांधू नये हे मला समजते, आणि तरीही त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे मला शक्य होत नाही.

तेव्हा २०१९ च्या त्या सौद्याविषयी माझा निर्णय स्पष्ट आहे. पुढे टायटन्सने सिद्धार्थला पुन्हा १ कोटी ३० लाखांना राखले आणि खांद्याच्या दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला, या गोष्टीचा मी आधार घेत नाही. दुखापत हा युक्तिवाद नव्हे. तो संपूर्ण निरोगी होता, दोनशेहून अधिक गुण मिळवीत होता, त्याच हंगामात तो सौदा तोट्याचा होता. यू मुंबाने त्याला जाऊ दिले हे योग्य केले, टायटन्सने तिजोरीचा तिसरा हिस्सा त्याच्यावर लावला हे चुकीचे केले, आणि चंदगडच्या त्या मुलाने आपल्या वाट्याला आलेल्या चढाया उत्तम केल्या.