सांध्यावरचा हात

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाले, तेही लहान मुलांच्या आरोग्यसेवेसाठी. आज तिथे या परिचारिका ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताचे रुग्ण तपासतात, औषधे लिहून देतात, मात्रा बदलतात. त्यांचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मात्र कुटुंब, बालक, प्रौढ अशा रुग्णगटांचे असते, संधिवाताचे वेगळे नसते. त्यामुळे हा आजार शिकायचा तो बहुतेक नोकरीला लागल्यावर, दवाखाना शिकवील तितका. उणीव पुस्तकी माहितीची आहे असे सहसा धरले जाते आणि ऑनलाइन व्याख्याने वाढवली जातात. मला ती उणीव हाताची वाटते. आजाराची तीव्रता मोजणारा डीएएस28 हा आकडा घ्या. त्यात खांदे, कोपरे, मनगटे, हाताची बोटे, गुडघे येतात. पावले येत नाहीत. पुष्कळांची सूज तर पायाच्या बोटांच्या मुळाशीच असते. मोजे काढायला सांगितले नाहीत, तर कागदावर आजार आटोक्यात! उलट अंगभर दुखवणारा फायब्रोमायाल्जिया जोडीला असेल, तर सूज नसतानाही दुखऱ्या सांध्यांमुळे आकडा फुगतो आणि गरज नसलेले महागडे बायोलॉजिक औषध सुरू होऊ शकते. त्यातली काही औषधे सुप्त क्षयरोग जागा करतात. बोटाखाली दबणारी मऊ सूज कोणती आणि हाडाचा टणक उंचवटा कोणता, हे पडद्यावर कळत नाही. दाबायचे किती, तर स्वतःचे नख पांढुरके पडेल इतके. हेही कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते.

औषधांचे असले निर्णय डॉक्टरांकडेच ठेवा, असे कुणी म्हणेल. ब्रिटनमधल्या 10 केंद्रांत 181 रुग्णांवर झालेल्या चाचणीत परिचारिकांच्या देखरेखीखालचे रुग्ण डॉक्टरांकडच्या रुग्णांपेक्षा मागे पडले नाहीत. पण त्या परिचारिका याच विषयात मुरलेल्या होत्या, हे ती चाचणी पुढे करणारे सोयीस्करपणे विसरतात. नियमावली हाती दिली की भागते, हा दुसरा आक्षेप. या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, हे नियमावलीत असतेच. तरी ‘गोळी कोणत्या वारी घेता?’ असे विचारल्याशिवाय रुग्ण ती रोज घेतो आहे हे बाहेर येत नाही, आणि ही चूक जिवावर बेतते. लघवीच्या संसर्गासाठी दुसरीकडून ट्रायमेथोप्रिम मिळाले आहे का, हेही विचारावे लागते. दोन्ही मिळून अस्थिमज्जा दाबून टाकू शकतात. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे: शिकवणाऱ्या तज्ज्ञाचे रुग्ण त्या काळात कमी होणारच. तेवढी झळ दवाखान्याने सोसावी. एकाच रुग्णाचे सांधे दोघांनी वेगवेगळे मोजावेत, आकडे ताडून पाहावेत आणि ते सातत्याने जुळू लागेपर्यंत मात्रा बदलण्याची सही तज्ज्ञाचीच असावी.