वेदीपुढे ठेवलेले अर्पण

मूळ वचन : मत्तय ५ : २३, २४



आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात, अर्पण घेऊन वेदीजवळ आलेल्या एका मनुष्याविषयी सांगितले आहे. तेथे उभे असता त्याला आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. प्रभू त्यास आज्ञा करतो की, अर्पण तेथेच राहू दे, प्रथम जाऊन भावाशी समेट कर, मग ये. या वचनात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे प्रभू येथे विचारीत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे हे विचारतो. आपला हिशेब आपण नेहमी आपल्या बाजूने मांडतो. प्रभू तो भावाच्या वहीतून वाचतो.

हे वचन एकट्या मनुष्यास जसे लागू आहे तसे मंडळीस, शाळेस व विद्यापीठासही लागू आहे. विद्या हे विद्यापीठाचे अर्पण होय. ते मोठे आहे व देवाला प्रिय आहे. परंतु ज्या भूमीवर ती वेदी बांधली त्या भूमीचे जुने धनी दाराबाहेर अश्रू ढाळीत असतील, तर काय करावे? कॅनडा देशात आज हाच प्रश्न विद्यापीठांपुढे उभा आहे. त्याची हकीकत आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनी ऐकावी असे आम्हांस वाटते. कारण त्यात ख्रिस्ती मंडळीचा मोठा भाग आहे आणि दूरच्या नात्याने तो आपल्यापर्यंत पोहोचतो.

कॅनडात गोऱ्या लोकांच्या आधीपासून क्री, ओजिब्वे, मोहॉक, हैदा, इनुइट इत्यादी अनेक लोक राहत आले आहेत. त्यांच्या मुलांसाठी सरकारने वसतिशाळा चालविल्या व त्यांचा कारभार बहुतांशी रोमन कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांकडे दिला. १९२० च्या कायद्याने मुलांची हजेरी सक्तीची झाली. मूल न पाठविणाऱ्या आईबापांस शिक्षा होऊ शके. सुमारे १,५०,००० मुले या शाळांतून गेली. तेथे त्यांचे केस कापले, नावे बदलली व मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना मार दिला. पुष्कळांवर याहून घोर अत्याचार झाले. चार हजारांहून अधिक मुले मरण पावल्याची नोंद आजवर झाली आहे. शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या.

फिलिस वेबस्टॅड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीस १९७३ साली तिच्या आजीने शाळेसाठी नवा नारिंगी सदरा घेऊन दिला. शाळेत पोहोचताच तो काढून घेतला गेला व तिला पुन्हा मिळाला नाही. त्या सदऱ्याची आठवण म्हणून आज तेथील लोक ३० सप्टेंबरला नारिंगी सदरे घालतात, आणि २०२१ पासून तो दिवस सत्य व समेट यांचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. आजीच्या हातचा सदरा हिरावून घेऊन ख्रिस्ताचे नाव शिकविता येते, असे ज्यांना वाटले त्यांना ख्रिस्त कितपत कळला होता?

आता आपले नाते ऐका. ज्या प्रेस्बिटेरियन मंडळीने तिकडे अशा शाळा चालविल्या, त्याच मंडळीने १८७७ पासून इंदूर व माळवा प्रांतात सुवार्तेचे काम केले आणि पुढे आमखुट येथे भिल्ल बांधवांत दवाखाना व शाळा उघडली. एकाच मंडळीच्या हातून एकीकडे रोग्याची जखम बांधली गेली व दुसरीकडे जखम केली गेली. यावरून आमच्या वडिलांस मिळालेले उपकार खोटे ठरत नाहीत. त्यांची कृतज्ञता आम्ही बाळगतोच. परंतु कृतज्ञता म्हणजे डोळे मिटणे नव्हे. पवित्र शास्त्रानेही दावीदाचे पाप झाकून ठेवले नाही.

मग यात विद्यापीठांचा दोष कोणता, असे कोणी विचारील. त्या शाळांचे कित्येक शिक्षक, अंमलदार व पाळक कोठे शिकले? विद्यापीठांत. मूळनिवासी हे हलक्या प्रतीचे लोक आहेत, ही समजूत विद्येचा झगा पांघरून कोठून बाहेर पडली? तेथूनच. शिवाय १८७६ च्या कायद्यात असे कलम होते की, त्या लोकांपैकी कोणी विद्यापीठाची पदवी घेतली, वकील झाला किंवा सुवार्तेचा पाळक झाला, तर कायद्याने तो आपल्या लोकांतून वेगळा झाला असे समजावे. पदवी पाहिजे तर आपले लोक सोड, असा तो सौदा होता.

२००९ पासून २०१५ पर्यंत न्यायाधीश मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली एका आयोगाने या सर्वाची चौकशी केली. ते स्वतः ओजिब्वे लोकांतील होते. आयोगाने ६,७५० हून अधिक साक्षी घेतल्या व देशापुढे ९४ मागण्या ठेवल्या. सिंक्लेअर यांचे सांगणे असे की, शिक्षणाने हा बिघाड केला, व शिक्षणानेच तो दुरुस्त होईल. तर विद्यापीठाने, म्हणजे तेथील गुरूंनी, शिष्यांनी व कारभाऱ्यांनी, समेटात भाग कसा घ्यावा? आपल्या वचनाच्या आधारे आम्ही तीन पायऱ्या दाखवितो.

पहिली पायरी, आठवणे. वेदीजवळच्या मनुष्यास प्रथम आठवण झाली. आयोगाच्या साक्षींचे कागद आज मॅनिटोबा विद्यापीठातील राष्ट्रीय केंद्रात जतन केले आहेत. विनिपेग व लेकहेड या विद्यापीठांनी २०१६ पासून असा नियम केला की, पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने मूळनिवासी लोकांविषयी एक तरी विषय शिकलाच पाहिजे. व्हँकूवर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात २०१७ साली हैदा कारागीर जेम्स हार्ट यांनी कोरलेला उंच खांब उभा राहिला. त्यावर मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ तांब्याचे हजारो खिळे ठोकलेले आहेत. जो रोज त्या वाटेने वर्गात जातो, त्याला विसरणे कठीण जाते.

दुसरी पायरी, जाणे. प्रभूने त्या मनुष्यास घरी बसून पश्चात्ताप करण्यास सांगितले नाही. भावाकडे जाण्यास सांगितले. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रमुख डेव्हिड बर्नार्ड यांनी २०११ साली आयोगापुढे जाऊन क्षमा मागितली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या प्रमुखांनी २०१८ साली तसेच केले. परंतु येथे एक सावधगिरी पाहिजे. आज तेथील सभा सुरू होताना, ही भूमी अमुक लोकांची आहे, असे म्हणण्याची रीत पडली आहे. ती चांगली आहे. पण ओठांवरच राहिली तर ती परुश्याची प्रार्थना होईल.

तिसरी पायरी, परत देणे. जक्कयाच्या घरी प्रभू आपण होऊन गेला. कृपा आधी आली. परंतु कृपा खरोखर आत शिरली याची खूण ही की, जक्कयाने थैली सोडली. विद्यापीठाने काय परत द्यावे? भाषा परत द्यावी. ज्या भाषेसाठी मुलांनी मार खाल्ला, तिच्या पदव्या सुरू कराव्या, अशी आयोगाची मागणी आहे. मस्क्वियम लोकांच्या भूमीवर वसलेले ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ त्यांच्याच सहकार्याने त्यांची भाषा शिकविते. न्याय परत द्यावा. व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१८ पासून मूळनिवासींचे स्वतःचे कायदे देशाच्या कायद्याबरोबर शिकविले जातात. आणि मान परत द्यावा. वृद्धांच्या कथा, औषधी व गाणी टिपून नेणाऱ्या विद्वानाने आधी परवानगी मागावी, व जे टिपले ते त्यांच्या हाती द्यावे.

पण भावाने लगेच गळ्यात पडलेच पाहिजे, असा हट्ट धरता येत नाही. युनायटेड चर्च ऑफ कॅनडा या मंडळीने १९८६ साली सडबरी गावी कबूल केले की, पाश्चात्य चालीरीती व सुवार्ता यांची आपण गल्लत केली. १९८८ साली मूळनिवासी वडिलांनी उत्तर दिले : तुमची क्षमायाचना आम्ही ऐकून घेतली आहे, स्वीकारलेली नाही, तुमची कृती पाहू. त्या प्रसंगाची खूण म्हणून रचलेला दगडांचा ढीग त्यांनी मुद्दाम अपुरा ठेवला. दर सत्कर्मागणिक त्यावर एक दगड चढावा, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. यार्देनेतून उचललेल्या बारा दगडांनी देवाची करणी स्मरणात ठेवली. हा अपुरा ढीग माणसाचे उरलेले काम स्मरणात ठेवतो.

बंधूंनो, आपल्यापैकी कोणी विद्यापीठ चालवीत नाही. परंतु आपल्या गावी रविवारची शाळा आहे, वसतिगृह आहे, आणि भिलोरी, पावरी किंवा वारली बोलणारे मूल त्यात येऊन बसते. त्याचे बोलणे ऐकून इतर मुले हसली, तर उपदेशक काय करतो? त्याच्या आईला प्रार्थनेस उभे राहण्यास सांगितले, आणि ती आपल्या बोलीत प्रार्थना करू लागली, तर आपण आमेन म्हणतो की खाली मान घालून हसतो? पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याने लोकांच्या भाषा बंद केल्या नाहीत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली. जे आत्म्याने उघडले ते आपण बंद करू नये.

पुढच्या रविवारी अर्पणाची थाळी फिरेल. ती आपल्यापुढे येण्याआधी प्रत्येकाने मनास विचारावे : गावात, शेजारच्या पाड्यावर, माझ्याविरुद्ध काही मनात असलेला भाऊ कोण? नाव आठवले तर पैसा हातातच राहू द्या, आणि आधी त्याच्या दाराशी जा. तो दार उघडील की नाही हे आपल्या हाती नाही. जाणे आपल्या हाती आहे.

ज्याने आपल्या वधस्तंभाच्या रक्ताने शांती केली तो प्रभू आपणा सर्वांस जाण्याचे बळ देवो. आमेन.