इंजिनावरचा आकडा

धर्मग्रामात काम करीत असताना लोक नाना प्रकारचे प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. बांधावरून पेटलेली भांडणे, सासूसुनांचे अबोले, मुलाने परजातीत जमवलेले लग्न, या साऱ्यांची आम्हांला सवय आहे. परंतु मोटारीच्या इंजिनाचा प्रश्न घेऊन कोणी आमच्या दारी येईल आणि सेमिनरीत तीस वर्षांपूर्वी गिरवलेले तत्त्वज्ञानाचे धडे त्यापायी पुन्हा उघडावे लागतील, असे आम्हांला वाटले नव्हते.

आलेले दोघे सख्खे भाऊ. थोरला साठीला टेकलेला, धाकटा पन्नाशी ओलांडलेला. त्यांच्या वडिलांची एक शेवरोले पिकअप होती, १९५१ सालची, अर्ध्या टनाची. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवायला प्रारंभ केला होता आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. ही गाडी बहुधा तिथलीच. वडिलांनी ती कुणा व्यापाऱ्याकडून जुनी विकत घेतली. त्यानंतर कित्येक वर्षे केळीचे घड, फुलांच्या करंड्या आणि भाजी तीतून स्टेशनापर्यंत गेली. गावातली दोन बाळंतपणेही त्या गाडीच्या हौद्यात झाली असे थोरला सांगतो. धाकटा म्हणतो, एकच. वडील वारल्यावर गाडी खोपीत गेली ती वीस-बावीस वर्षे तिथेच राहिली. उंदरांनी तीत संसार थाटले.

अशा जुन्या गाड्यांना आज शौकीन लोक चांगली किंमत देतात. शहरातील एका गृहस्थांनी चौकशी केली. गाडी चालती करून द्यावी, इंजिन मात्र मूळचेच असावे, ही त्यांची अट. तसे असल्यास त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात धाकट्याच्या मुलीच्या शिक्षणाचे कर्ज पुरते फिटत होते.

मिस्त्रीने इंजिन उतरवून उघडले. आम्हांला यंत्रांची थोडी आवड आहे. (सेमिनरीतले जनरेटर दुरुस्त करण्याचे काम आमच्याकडे असे आणि त्यामुळे ग्रीक व्याकरणाचे काही तास चुकत.) म्हणून मुद्दाम पाहायला गेलो. त्या गाडीतले इंजिन सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंची. त्याच्या कनेक्टिंग रॉडना आजच्यासारखी बदलता येणारी बेअरिंगे नसतात. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू वितळवून तो रॉडमध्येच ओततात आणि मग मापाला कातून, निळा रंग लावून, जिथे जिथे घासते तिथे तिथे हाताने खरवडून बसवतात. रॉडना तेलही दाबाने मिळत नाही. खालच्या तेलटाकीत बारीक नळ्या असतात, त्यांतून तेलाची धार उडते आणि रॉडच्या टोकाला असलेली छोटी पळी ती धार झेलते. त्या नळ्यांचा नेम बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी कारखान्याने एक वेगळे मापच बनवले होते. मिस्त्री हे सारे अशा आदराने सांगत होता की आमचा मिस्सा ऐकतानाही कोणी इतके तल्लीन झालेले आम्ही क्वचित पाहिले आहे.

दोन रॉडमधला धातू वितळून वाहून गेला होता. तो पुन्हा ओतता आला असता. हे काम जाणणारे हात थोडे उरले आहेत, पण आहेत. खरा घात निराळाच होता. ब्लॉकला, दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीला, उभी चीर गेली होती. बीड शिवता येते, तथापि त्या जागी ते टिकेल याची हमी मिस्त्री देईना. त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे त्याच घराण्यातले दुसरे इंजिन मात्र होते: २३५ घनइंची, पन्नाशीच्या दशकातील शेवरोले मोटारीचे. १९५४ पासून कंपनीने पिकअपमध्येही हेच थोरले इंजिन घातले. त्यात बेअरिंगे बदलता येतात आणि तेल दाबाने रॉडपर्यंत पोचते. ते जुन्याच्या जागी जवळजवळ जसेच्या तसे बसते. पाण्याच्या पंपासाठी तेवढी मध्ये एक पट्टी घालावी लागते. मिस्त्रीच्या मते जुन्यापेक्षा ते शतपटीने बरे.

राहता राहिला आकडा. या इंजिनांचा क्रमांक डिस्ट्रिब्यूटरजवळ ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आर. सी. बुकात नोंदलेला असतो. गिऱ्हाईक तो पडताळून पाहणार होते. एका दलालाने धाकट्याला सुचवले की थोरल्या इंजिनावरचा क्रमांक घासून तिथे जुना ठोकून देता येईल. एका संध्याकाळचे काम. थोरला म्हणाला, बाबांच्या गाडीवर खोटे ठोकू देणार नाही. त्यावरून दोघांत बोलणे बंद व्हायची वेळ आली, आणि मग ते आमच्याकडे आले.

धाकट्याचे म्हणणे वाटते तितके पोकळ नव्हते. तो म्हणाला, "फादर, दादा म्हणतो मूळचे इंजिन. पण मूळचे म्हणजे कुठले? चीर नसती तर मिस्त्रीने पिस्टन नवे घातले असते, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह नवे, स्लीव्ह नव्या, बेअरिंगचा धातूसुद्धा नवा ओतला असता. त्याला तुम्ही सगळे मूळचे म्हणाला असता. मग एक बिडाचा ठोकळा बदलला तर काय पाप झाले? आणि त्या माणसाला मी वाईट माल देतोय का? चांगलाच देतोय."

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोघांना चहा पाजून परत पाठवले. खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हा प्रश्न जुना आहे. प्लुटार्कने थीसिअसच्या गलबताची गोष्ट लिहून ठेवली आहे. अथेन्सचे लोक त्या गलबताची कुजलेली फळी काढून नवी घालत आणि तत्त्वज्ञांत दोन तट पडत: गलबत तेच आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे. सतराव्या शतकात हॉब्सने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरे गलबत कोणते? आमच्या मिस्त्रीच्या गॅरेजात हा पेच शब्दशः उभा होता. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला लाकडी ठोकळ्यावर ठेवलेले तिचे मूळ काळीज.

संत थॉमस अक्वायनस यांनी शरीराविषयी लिहिताना अग्नीचा दाखला दिला आहे. जळण संपत जाते, नवे पडत जाते, तरी आग तीच राहते. आपल्या देहातील द्रव्यही असेच येत-जात असते, तरी माणूस तोच, कारण त्याला आतून धरून ठेवणारा आत्मा एक आहे. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. या वेळी पुन्हा वाचताना जाणवले की इंजिनाच्या बाबतीत हा दाखला आपल्या उपयोगाचा नाही, आणि का नाही हेच महत्त्वाचे आहे. पिकअपला आत्मा नाही. तिच्या भागांना जे रूप आहे ते कारागिराने बाहेरून दिलेले आहे. एखादा माणूस आजारातून उठला, केस गेले, पाय गेला, तरी तो "मी तोच" असे म्हणू शकतो. गाडीला असे म्हणता येत नाही. तिच्या वतीने ते कोणीतरी दुसऱ्याने म्हणावे लागते. मालकाने, मिस्त्रीने, आर. सी. बुकाने, ब्लॉकवरच्या त्या सहा-सात आकड्यांनी.

मग किती भाग बदलले म्हणजे गाडी दुसरी झाली, या प्रश्नावर धाकट्याशी वाद घालण्यात आम्हांला स्वारस्य उरले नाही. तिथे तो बहुतांशी बरोबर आहे. आमच्याच चर्चच्या दर्शनी भिंतीवर जे साल कोरलेले आहे, त्या सालची एक वीट तरी भिंतीत उरली असेल की नाही याची आम्हांला शंका आहे. छप्पर तर आमच्या डोळ्यांदेखत दोनदा बदलले. तरी त्या सालाला कोणी खोटे म्हणत नाही, कारण प्रत्येक दुरुस्ती धर्मग्रामाच्या वहीत नोंदलेली आहे आणि कोणी विचारले तर आम्ही ती काढून दाखवतो. नवे इंजिन घालणे हेही तसेच. बदल केल्यावर चौदा दिवसांच्या आत आर. टी. ओ.ला कळवा, असे कायदा म्हणतो. मात्र पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचे जे नियम २०२१ साली केंद्राने आणले, त्यांत वाहन मूळ स्वरूपात असावे, इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा, असे आहे. गिऱ्हाइकांना हवी होती ती हीच नोंदणी.

म्हणजे ते चांगले इंजिन विकत घेत नव्हते. चांगले इंजिन त्यांना कुठेही मिळाले असते. ते एक साक्ष विकत घेत होते: १९५१ साली अमुक ठिकाणी ओतलेला हाच तो ठोकळा, ही साक्ष. ज्या वस्तूला स्वतःचे तोंड नाही, तिच्याविषयी खोटी साक्ष देणे आम्हांला माणसाविषयी दिलेल्या खोट्या साक्षीहून सोपे वाटते, कारण ती उलटून बोलत नाही. पण तिच्याजवळ आपल्या शब्दाखेरीज दुसरे काहीच नसते. तो शब्दच घासून काढला, तर बाबांची गाडी म्हणून उरते काय? बाकीचे सारे भाग बदलूनही जे राहिले असते, नेमके तेच त्या एका संध्याकाळच्या कामात गेले असते.

हे आम्ही धाकट्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, हे सगळे बरोबर आहे. पण कर्जाचा हप्ता कोण भरणार?"

थोरल्यालाही आम्ही सोडले नाही. त्याच्या बोलण्यात बाबांची आठवण होती, तसा थोडा मानही होता. आणि कर्ज त्याच्या मुलीचे नव्हते. सत्याची किंमत नेहमी दुसऱ्याच्या खिशातून जात असेल, तर ते बोलणे फार सोपे असते. हे त्याला एकट्याला बोलावून सांगितले. त्याला ते आवडले नाही.

पुढे गाडीत थोरले इंजिन बसले, स्वतःच्या क्रमांकासह. आर. टी. ओ.चा अर्ज थोरल्याने भरला. पहिल्या गृहस्थांनी नाद सोडला. दुसऱ्या एकाने, सारे ठाऊक असून, गाडी घेतली, परंतु किंमत निम्म्याच्या आसपास दिली. थोरल्याने आपल्या वाट्यातली रक्कम धाकट्याला देऊ केली. धाकट्याने अर्धी घेतली, अर्धी परत केली. रविवारी मिस्साला तो येतो, पण मिस्सा संपल्यावर पूर्वीसारखा थांबत नाही.

चिरलेला ब्लॉक अजून खोपीत आहे. गेल्या महिन्यात भंगारवाला वजनाचा काटा घेऊन आला होता. दोघा भावांपैकी कोणीच त्याला हो म्हटले नाही, आणि नाही असेही म्हटले नाही. तो पावसाळ्यानंतर पुन्हा येणार आहे.