यंत्रांचा शंकरपट

बुद्धिबळांच्या डावांत हरतो कोण, हा प्रश्न वाचकांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. ज्याच्या राजावर मात झाली तो हरला, असें शाळेंतील पोरही सांगेल. परंतु पटाच्या दोहों बाजूंस मनुष्यच नसेल तर हें उत्तर पुरें पडत नाहीं. गणकयंत्रांच्या आपसांतील बुद्धिबळस्पर्धा आतां जुन्या झाल्या. १९७० सालीं न्यूयॉर्क येथें अशी पहिली स्पर्धा भरली. १९७४ सालीं स्टॉकहोम येथील पहिली जागतिक स्पर्धा सोव्हिएट रशियाच्या 'काइसा'नें जिंकली. आणि २०१० सालीं मार्टिन थोरेसन नांवाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थानें हौसेखातर जी स्पर्धा सुरू केली, ती 'टीसेक' या नांवानें आज मोठ्या मानाची समजली जाते. रात्रंदिवस डाव चालतात, जगभरचे शौकीन घरबसल्या ते पाहतात, आणि खेळणाऱ्यांपैकीं एकासही आपण खेळत आहों हें ठाऊक नसतें. अशा डावांतील हार कोणाच्या पदरीं पडते?

या प्रश्नाचा विचार करतांना आम्हां बुलढाण्याकडच्या माणसांस शंकरपट आठवल्यावांचून राहत नाहीं. विदर्भांत तळेगांव दशासरचा पट तर प्रसिद्धच आहे. पटांत धांवतात बैल, हांकतो धुरकरी, आणि बक्षीस घेऊन जातो मालक. जोडी मागें पडली तर बैलास त्याचें कांहींच वाटत नाहीं. मान खालीं जाते ती मालकाची, आणि वाटेंत चार लोक विचारतील म्हणून आडरस्त्यानें गांवीं परततो तोही मालकच. यंत्रांची स्पर्धा कुस्तीच्या जातीची नसून पटाच्या जातीची आहे, असें आमचें मत आहे. किंबहुना एका बाबतींत ती पटाहून निर्मळ आहे. बैलास हार कळत नसली तरी पराणी कळते. म्हणूनच २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या अखेरीस सशर्त मोकळ्या केल्या, आणि २०२३ सालीं त्यांविषयींचा महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरविला. यंत्रास पराणीही कळत नाहीं.

हार मालकाची असते याचा दाखला २०११ सालीं मिळाला. 'रिब्का' हें इंजिन (बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलीस या मंडळींत इंजिनच म्हणतात) २००७ पासून २०१० पर्यंत ओळीनें चार वेळां जागतिक विजेतें ठरलें होतें. त्याचे कर्ते वासिक राजलिक यांनीं 'फ्रूट' व 'क्राफ्टी' या दुसऱ्यांच्या इंजिनांतील मजकूर उचलला, असा निष्कर्ष काढून स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेनें चारही पदें काढून घेतलीं. या निर्णयावर पुढें पुष्कळ वाद झाले, आणि शिक्षा फार कडक होती असें आम्हांसही वाटतें. पण आरोपाचें स्वरूप पाहा. इंजिनाच्या खेळींत कोणीं खोट काढली नव्हती. दुसऱ्याच्या गोठ्यांतील बैल आपल्या नांवावर पटांत उतरविला, असा तो आरोप होता. आणि त्याचें उत्तर मागितलें गेलें तें राजलिक यांच्याकडे, रिब्काकडे नव्हे.

येथवर आमची उपमा नीट चालते. 'स्टॉकफिश'पाशीं मात्र ती अडखळते. हें इंजिन २००८ पासून सर्वांस खुलें आहे; त्याचा सारा मजकूर कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. २०१३ पासून तर स्वयंसेवक आपल्या घरचीं यंत्रें त्याच्या चाचणीसाठीं उसनीं देत आले आहेत. सुचविलेला बदल हजारों डाव खेळवून पाहावयाचा आणि लाभ दिसला तरच ठेवावयाचा, अशी रीत. ही गांवकीची जोडी. ती हरली तर मान कोणाची खालीं जावी? आमच्या समजुतीप्रमाणें कोणाचीच नाहीं. हरलेला डाव पुढच्या सुधारणेची सामग्री होतो, आणि मंडळी कामास लागतात. त्यांच्या उदारपणाबद्दल आम्हांस मनापासून आदर आहे. पण त्यांचें तें काम खेळ या सदरांत घालावें कीं शास्त्रीय प्रयोग या सदरांत, असें विचाराल तर आमचें मन दुसऱ्या बाजूस झुकतें. टीसेकच्या चालकांची अडचणही तेंच सांगते. दोन बलाढ्य इंजिनें आरंभापासून मोकळीं सोडलीं तर डाव बहुधा बरोबरींतच सुटतो. म्हणून पहिल्या कांहीं खेळी माणसें ठरवून देतात, त्याही मुद्दाम एका बाजूस जड. आणि अन्याय होऊं नये म्हणून तीच सुरुवात दोन्ही इंजिनांस आळीपाळीनें दोन्ही रंगांनीं खेळावयास लावतात. ज्यांना चुकणें फारसें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं चूक बाहेरून आणावी लागते!

हा ऊहापोह करण्याचें कारण असें कीं, खिशांतला फोन जगज्जेत्यासही हरवितो तर मुलांनीं बुद्धिबळ शिकावें कशाला, असें सुशिक्षित पालकही आतां विचारूं लागले आहेत. मोटार आली म्हणून धांवण्याच्या शर्यती बंद पडल्या नाहींत, हें नेहमींचें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. मूल पटाशीं बसतें तेव्हां हार दुसऱ्याच्या पदरांत टाकण्याची सोय त्यास नसते. फांसे वाईट पडले असें म्हणतां येत नाहीं, भिडू चुकला असेंही म्हणतां येत नाहीं. हें मोठ्यांनाही सोसत नाहीं. १९७६ सालीं १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली, तेव्हां केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांना द्यावा लागला. समोर कोण बसलें आहे, हें इंजिनानें कधीं विचारलें नसतें. त्यास गमावण्यासारखें कांहीं नसतें, एवढेंच त्याचें कारण.

उलट टोकास आहे तो यंत्र लपवून खेळणारा. २००६ सालीं दिल्लीच्या एका स्पर्धेंत एका खेळाडूच्या टोपींत संदेश ऐकण्याचें साधन सांपडलें, आणि त्याच्यावर १० वर्षांची बंदी आली. कुस्तीच्या हौद्यांत बैल उतरवावा आणि फेटा मात्र आपण बांधून घ्यावा, असा तो प्रकार.

२८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुखनें कोनेरू हंपीस हरवून महिलांचा विश्वचषक मिळविला. दोघींनींही तयारी इंजिनांच्या साह्यानेंच केली असणार. आज या पायरीवर तशावांचून कोणाचेंच चालत नाहीं. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरींत सुटले, आणि निकाल लागला तो जलद डावांत. १९ वर्षांची दिव्या आईच्या गळ्यांत पडून रडली. हंपीच्या वाट्यास जें आलें, तें घेऊन पटावरून उठतांना तिला कोणत्याही इंजिनाचा उपयोग नव्हता.