परिचारिकेची परीक्षा व आपली दया

एका खेड्यांतील उपदेशकबंधूंचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या मंडळींतील एक मुलगी मिशनच्या एका इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेत आहे. बाप मजुरी करितो, आई दुसऱ्याच्या शेतांत खुरपणीस जाते. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठीं मंडळीनें वर्गणी जमविली व उरलेली रक्कम बापानें दोन शेळ्या विकून भरली. आतां सरकारमान्य परीक्षेस पाठविण्यापूर्वीं शाळेनें आपली घरची परीक्षा घेतली, तींत एका विषयांत तिला शंभरांपैकीं 43 गुण पडले. पाहिजे होते 50. त्या विषयांत पुन्हा परीक्षा देऊन उत्तीर्ण झाल्यावांचून तिला पुढें पाठवितां येत नाहीं, असें शाळेनें कळविलें. उपदेशकबंधु विचारतात कीं, प्रभूच्या नांवानें चालणाऱ्या शाळेनें सात गुण आपल्या पदरचे घातले तर काय बिघडलें? जगाच्या शाळा निष्ठुर असतात, त्या असोत. आपल्या शाळेंतहि दया नसेल तर ती आपली कशी?

प्रश्न मोलाचा आहे व तो रागानें नव्हे, तर दुःखानें विचारलेला आहे. म्हणून त्याचें उत्तर आम्ही उच्चासनावर बसून देऊं इच्छीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही स्वतः असेंच एक शिफारसपत्र खिशांत घालून एका इस्पितळाच्या मेट्रनबाईंकडे गेलों होतों. मुलगी आमच्याच मंडळींतली, स्वभावानें गरीब, प्रार्थनेस कधीं न चुकणारी. बाईंनीं पत्र शांतपणें वाचिलें, कपाटांतून इन्शुलिनची एक कुपी व एक पिचकारी काढून टेबलावर ठेविली व आम्हांस म्हणाल्या, "रोग्याला दहा युनिट द्यावयाचे आहेत. ह्या पिचकारींत किती भराल?" आम्हीं पिचकारीवरील दहाच्या रेघेवर बोट ठेविलें. बाई म्हणाल्या, "आपण त्याला पंचवीस दिलेत."

हें कसें झालें तें वाचकांनीं समजून घ्यावें, कारण ह्या लहानशा हिशेबांतच सर्व वादाचें मूळ आहे. आपल्या देशांत इन्शुलिन दोन बळांचें मिळतें. एकांत एका मिलिलिटरांत 40 युनिट असतात, दुसऱ्यांत 100. पिचकाऱ्याहि त्याप्रमाणें दोन तऱ्हेच्या असतात. एकीच्या रेघा 40 च्या औषधासाठीं आंखलेल्या, दुसरीच्या 100 च्या. आमच्यापुढें कुपी शंभराची होती व पिचकारी चाळीसाची. चाळीसाच्या पिचकारींत दहाच्या रेघेपर्यंत भरलें म्हणजे पाव मिलिलिटर होतें. आणि शंभराच्या औषधाच्या पाव मिलिलिटरांत पंचवीस युनिट असतात. अडीचपट औषध रोग्याच्या अंगांत गेलें. त्याच्या रक्तांतील साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय कांपतात, बोलणें असंबद्ध होतें, आणि वेळेवर कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं तर तो बेशुद्ध पडतो. रात्रीची वेळ असली म्हणजे शेजारच्या खाटेवरच्यास वाटतें, बिचाऱ्याला आज झोंप चांगली लागली.

आम्ही पत्र खिशांत घालून परत आलों.

भारतांत परिचारिकांच्या शिक्षणावर देखरेख ठेवणारी परिषद 1947 च्या कायद्यानें अस्तित्वांत आली. तिच्या नियमाप्रमाणें तीन वर्षांच्या सामान्य परिचारिका-शिक्षणांत लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही अंगांत वेगवेगळे शेंकडा 50 गुण मिळवावे लागतात. एकांतील कमाई दुसऱ्यांत ओतून चालत नाहीं. आतां पन्नास हें माप कठोर आहे काय? आमच्या मतें तें मुळांतच दयेचें माप आहे. शंभर गोष्टी विचारल्या, त्यांपैकीं पन्नास आल्या नाहींत तरी चालेल, असें तें म्हणतें. अमेरिकेंतील कित्येक परिचारिका-शाळा औषधाच्या हिशेबाच्या चांचणींत 90 किंवा त्याहून अधिक गुण मागतात, व कांहीं तर पूर्ण गुण मिळाल्यावांचून विद्यार्थिनीस रोग्याला औषध देऊं देत नाहींत. तें आम्हांस अधिक योग्य वाटतें, कारण दशांश-चिन्ह एक घर सरकलें म्हणजे औषध दसपट होतें, आणि दसपट औषधाला "बाकीचें सर्व बरोबर होतें" ही सबब चालत नाहीं. ज्या अर्ध्या गोष्टी आल्या नाहींत त्यांत हीच एक असली तर उरलेलीं पन्नास उत्तरें रोग्याच्या काय उपयोगाचीं?

येथें कोणी म्हणेल कीं, परीक्षेनें परिचारिका ओळखतां येत नाहीं. हें म्हणणें खोटें नव्हे, आणि तें म्हणणारी साधी बाई नव्हती. क्रिमियाच्या युद्धांत 1854 सालीं जखमी शिपायांची शुश्रूषा करावयास गेलेल्या व पुढें 1860 सालीं लंडन येथील सेंट थॉमस इस्पितळांत परिचारिका-शाळा काढणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा परिचारिकांच्या सरकारी नोंदणीस विरोध होता. परीक्षेंत उतरणें हा चांगल्या स्वभावाचा पुरावा नव्हे, असें त्यांस वाटे. आम्हांसहि हें दिसतें. निजून असलेल्या रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें, नाहीं तर पाठीस क्षतें पडतात, हें कागदावर सुंदर लिहून पूर्ण गुण घेणारी व रात्रपाळींत खुर्चीवर पेंगणारी परिचारिकाहि असूं शकते. तथापि ह्यावरून निष्कर्ष काय निघतो? गुणवतीला प्रेम नसलें तर ती अपुरी. म्हणून प्रेमळ बाईला ज्ञान नसलें तरी ती पुरी, असा अर्थ निघत नाहीं. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत त्याला कळवळा आला एवढेंच प्रभूनें सांगितलें नाहीं. तेल व द्राक्षारस घालून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें, पुढच्या खर्चाची तजवीज केली, हें सर्व सांगितलें. त्याच्या कळवळ्याला काय करावें हें ठाऊक होतें.

आणखी एक गोष्ट आमच्या मंडळ्यांनीं विसरूं नये. मिरज येथें डॉक्टर वॉनलेस यांच्या इस्पितळांत 1897 सालीं परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें, त्या काळीं आपल्या मुलींना ह्या कामासाठीं सोडावयास घरें तयार नसत. रोग्यांच्या जखमा धुणें हें हलकें काम समजलें जाई. आपल्या मुली त्या कामास गेल्या, व "मिशनची नर्स" ह्या शब्दाला पुढें जी किंमत आली ती त्यांच्या हातांनीं आली. विसाव्या शतकाच्या आरंभीं मिशनच्या इस्पितळांनीं एकत्र येऊन परीक्षक मंडळें स्थापिलीं. म्हणजे आपल्या घरच्या मुलीला आपणच शाबासकी देण्याची सोय त्यांनीं आपल्या हातून काढून टाकिली. आज आपण सात गुण पदरचे घालूं म्हणतों, ते खरोखर कोणाच्या पदरांतून काढतों? ज्या मुलींनीं तें नांव कमाविलें त्यांच्या पदरांतून, आणि जी ह्याच परीक्षेंत रात्री जागून 51 गुण मिळवून बसली आहे तिच्याहि पदरांतून.

आणि रोगी कोण असतो? श्रीमंत मनुष्य शहरांतील मोठ्या दवाखान्यांत जातो, तेथें एकीचा हात चुकला तर दुसरी पाहते. आपली मुलगी उद्यां ज्या वॉर्डांत रात्रीं एकटी उभी राहील, तेथल्या खाटांवर उपदेशकबंधूंच्या गांवासारख्याच गांवांतील माणसें असतील. त्यांस कुपीवरचा आंकडा वाचतां येत नाहीं. बाईंना येतो, अशा विश्वासानें तीं हात पुढें करितात. गरिबाच्या मुलीवर दया म्हणून माप उणें केलें, तर तें उणेपण गरिबाच्याच अंगावर जाऊन पडतें. मोशेच्या नियमशास्त्रांत थैलींत दोन तऱ्हेचीं वजनें ठेवण्यास मनाई आहे. ती मनाई आपल्या माणसासाठीं हलकें वजन काढणाऱ्यासहि लागू आहे, असें आम्ही समजतों.

पण इतकें बोलून थांबलों तर आम्ही अर्धेंच बोललों असें होईल. त्या मुलीला 43 गुण कां पडले? ती मराठी शाळेंत शिकली. येथें पुस्तकें इंग्रजींत, व्याख्यानें इंग्रजींत. पुष्कळ वेळां मुलीला रोग समजलेला असतो व प्रश्न समजलेला नसतो. गांवच्या शाळेंत अपूर्णांक व दशांश कोणी नीट शिकविलेले नसतात, आणि वॉर्डांत माणसें कमी म्हणून विद्यार्थिनीकडूनच पुष्कळ काम करून घेतलें जातें व अभ्यासाचा तास बुडतो. हें जेथें होत असेल तेथें दोष मुलीचा नव्हे. आणि अशा शाळेनें नापास मुलीकडे बोट दाखवून आपण मोठे दर्जा राखणारे आहों असें म्हणूं नये. माप पुरें ठेवण्याचा अधिकार शिकवणी पुरी देणाऱ्यासच शोभतो. दया करावयाची ती येथें करावी, परीक्षेच्या आधीं, आणि तिला पुष्कळ जागा आहे. गुणपत्रिकेवर सात गुण वाढविण्यास एक क्षण लागतो. दशांशाचा हिशेब मराठींत समजावून सांगण्यास तीन संध्याकाळी लागतात. पहिली दया स्वस्त आहे म्हणून ती आपणांस आधीं सुचते, असें आम्हांस आपल्या स्वतःच्या अनुभवावरून वाटतें.

उपदेशकबंधूंस आम्हीं पत्रानें कळविलें आहे तें येथेंहि नमूद करितों. पुन्हा होणारी परीक्षा ही शिक्षा आहे असें मुलीस व तिच्या बापास वाटूं देऊं नये. बाप लाजेनें उपासनेस येत नाहीं असें पत्रांत आहे. त्याच्या घरीं मंडळींतील वडील मंडळींनीं जावें. ती ज्या शहरांत शिकते तेथील पाळकसाहेबांच्या पत्नी पूर्वीं शाळेंत गणित शिकवीत असत. त्यांस आम्हीं लिहिलें, व आठवड्यांतून दोन संध्याकाळ मुलीस घरीं बोलावण्याचें त्यांनीं आनंदानें कबूल केलें आहे. शाळेच्या मेट्रनबाईंसहि आम्हीं विनंति केली आहे, ती गुणांविषयीं नव्हे. त्या दोन संध्याकाळीं तिला वॉर्डाच्या कामांतून मोकळीक मिळावी, एवढीच. त्यांचें उत्तर अजून यावयाचें आहे.