भीतीने सोडलेले, दयेने सोडलेले

दरवर्षी पर्युषण जवळ आले की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. 'हॉट डॉग म्हणजे सिगारेट! विज्ञानाने अखेर जैन धर्म मान्य केला!' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो वाचताना मला नेहमी वाटते, की विज्ञानाने मान्य करेपर्यंत आपली अहिंसा काय अधांतरी लटकली होती?

आधी मुळात गोष्ट काय आहे ते नीट पाहू. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेले सॉसेज. मांस, चरबी, मीठ, मसाला आणि बर्फ एकत्र वाटून त्याचा मऊ लगदा करतात, तो नळीत भरून शिजवतात, पुष्कळदा धूर देतात. त्यात सोडियम नायट्राइट घालतात. त्याने रंग गुलाबी राहतो आणि बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार करणारे जंतू वाढत नाहीत. साध्या सॉसेजच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३०० कॅलरी, चरबी २५ ते ३० ग्रॅम, प्रथिने जेमतेम ११-१२ ग्रॅम, आणि तंतू जवळजवळ नाहीच. सोडियम ९००-१००० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या एका सॉसेजमध्येच दिवसाचा पाव हिस्सा संपला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात घातले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिने सांगितले. हे खरेच आहे. पण पहिला गट म्हणजे पुरावा भक्कम आहे, एवढाच त्याचा अर्थ. तंबाखू त्याच गटात आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत. आणि १८ टक्के म्हणजे शंभरातले अठरा जण नव्हेत. समजा शंभरात पाच जणांना तो रोग होणार असेल, तर ते सहाच्या जवळ जातील. संदेशात यातले काहीच नसते.

आणखी गंमत म्हणजे त्याच संदेशात हलीमचाही फोटो असतो. रमजानमध्ये आपल्या हैदराबादेत गल्लोगल्ली हलीमच्या भट्ट्या लागतात, ते आपण सगळे बघतो. पण हलीम म्हणजे ताजे मांस, गहू आणि डाळी तासन्‌तास घोटून केलेला पदार्थ. खारवलेल्या, धुरावलेल्या मांसात तो बसत नाही. ताज्या लाल मांसाला त्या संस्थेने वेगळ्या, 'बहुधा कारणीभूत' अशा गटात ठेवले आहे. शेजारणीचा पदार्थ आपल्याला चालत नाही, म्हणून त्याच्यावर खोटा आरोप करावा का? अहिंसेच्या पाठोपाठ सत्याचे व्रत येते. पहिले पाळताना दुसरे मोडले, तर हिशेब कुठे बसला?

तसेच डाळीचे. 'तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिने, सॉसेजमध्ये फक्त बारा!' अहो, पण ती कच्ची डाळ! वरण शिजवले की पाणी पिऊन तोच आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. रोज कुकर लावणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

माझ्या भाचीचा मुलगा अमेरिकेत चौथीत शिकतो. शाळेच्या डब्यात हॉट डॉगचा वार ठरलेला असतो. तिने त्याला सांगितले, "ते खाल्लं की कॅन्सर होतो." त्याने आठवडाभर विचार केला आणि विचारले, "मग चिकनचा, नायट्राइट नसलेला चालेल?" भाचीने मला फोन केला, "मावशी, आता काय सांगू?"

मुलगा चुकला नव्हता. जे कारण त्याला दिले, त्याच कारणाने त्याने वाट काढली. भीतीवर औषध निघते. उद्या चरबी कमी केलेले, मीठ बेताचे सॉसेज येईल. मग आपण काय म्हणणार? मी भाचीला म्हटले, "त्याला सांग, त्या कोंबडीलाही जगायचं होतं. बाकी नंतर." हे कारण कुठल्याही पाकिटावर छापलेले नसते. पोषणाच्या तक्त्यात खाणाऱ्याचे काय होते ते लिहितात. ज्याला खाल्ले त्याचा रकाना तिथे नाही.

आणि आरोग्यच मोजायचे, तर आपले कपाटही उघडावे लागेल. आपल्या घरांत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. साठवणीत जीव उपजतात, म्हणून हा नियम. आता त्याच स्वयंपाकघरात महिनोन्‌महिने टिकणारी फरसाणाची, सूपची, नूडल्सची पाकिटे असतात. पापडात मीठ आणि वर पापडखारही, म्हणजे सोडियम दोन वाटांनी. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढीच खात्री देतो. मीठ-तेलाबद्दल तो गप्प असतो. इथे तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा, मीठ कमी करा, हा त्यातला सल्ला शाकाहाऱ्यांना वगळून दिलेला नाही.

उलट बाजूही मोकळेपणाने सांगावी. बी-१२ हे जीवनसत्त्व मांसात असते, वनस्पतींमध्ये नसते. दूध-दही पुरेसे नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते. आपल्यातल्या कितीतरी जणी ती घेतात आणि लपवतात, जणू धर्मात खोट निघाली. खोट कसली? एखाद्या जिवाला वाचवायचे म्हणून आपण थोडी गैरसोय पत्करतो, एवढेच. काहीही न गमावता पाळता येईल ते व्रत कसले?

तेव्हा यंदा तो संदेश आला, तर मैत्रिणींनो, पुढे ढकलण्याआधी थांबा. हॉट डॉगमध्ये मीठ किती, चरबी किती, हे मुलांना जरूर सांगा. ते ज्ञान खाणाऱ्या शेजाऱ्यांच्याही कामाचे आहे. पण आपण का खात नाही, हे सांगताना आतड्याचे नाव घेऊ नका. त्या जिवाचे घ्या.